एका पायाचे दोन ठोके

खेमसिंग राठोडांना संशय यायला फारसं निमित्त लागत नसे. दूधवाल्याच्या मापावर, एसटीच्या वेळापत्रकावर, थोरल्या जावयाच्या गोड बोलण्यावर, कशावरही तो बसायचा. पण त्या रविवारी यवतमाळच्या सभागृहात परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले असताना जे कानावर पडलं, त्यावर संशय घ्यायला त्यांच्याजवळ चाळीस वर्षांचं कारण होतं.

जिल्ह्यातल्या वाद्यवृंदांची स्पर्धा होती. जो पहिला येईल तो नागपूरला जिल्ह्याच्या नावानं वाजवणार. दुपारचे तीन वाजले होते, सहा पार्ट्या होऊन गेल्या होत्या आणि खेमसिंगांनी सहाही जणांना ताल विभागात दहापैकी पाचाच्या वर काही दिलं नव्हतं. सातवी आणि शेवटची पार्टी मारेगावची. कीबोर्डवर भीमगीताची चाल सुरू झाली आणि मागं ड्रमवर एक बाई बसली. बत्तीस-तेहतिशीची, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. पुढ्यातल्या कागदावर नाव होतं, मैत्रेयी नगराळे.

पहिलं कडवं साधंच गेलं. खेमसिंगांनी पेनाचं टोपण लावलं. दुसऱ्या कडव्याला बाईचा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, पडला आणि त्याच्या मागोमाग खालच्या मोठ्या ड्रममधून दोन ठोके आले. एकापाठोपाठ एक, इतके चिकटून की मध्ये केसही जाऊ नये. हात, पाय-पाय. हात, पाय-पाय.

खेमसिंग ताडकन पुढं झुकले. पण ड्रमच्या पुढं पार्टीच्या नावाचं काळं कापड लावलेलं होतं, पाय काही दिसेना. त्यांनी खुर्ची डावीकडं सरकवली. मग उठलेच, आणि परीक्षकानं उठायचं नसतं हे विसरून पार कडेच्या भिंतीपर्यंत गेले. तिथून दिसलं. पायानं ठोका मारायचं पेडल एकच होतं. आणि ड्रमच्या कडेला चिकटवलेली तंबाखूच्या डबीएवढी एक वस्तू होती, तिच्यातून निघालेली वायर थेट साउंडच्या टेबलापर्यंत गेली होती.

टेबलामागं सभागृहाच्या साउंडवाल्याशेजारी उभ्या माणसाला त्यांनी निरखून पाहिलं. दाढी वाढली होती, अंग सुटलं होतं, पण चेहरा ओळखीचा होता. अश्वजित. वीसएक वर्षांपूर्वी वणीला मामाकडं शिकायला राहिलेला, त्यांच्याकडं ड्रम शिकायला येणारा आणि एक दिवस न सांगता यायचा बंद झालेला अश्वजित नगराळे. कागदावर बाईचंही आडनाव तेच होतं.

'अस्सं,' खेमसिंग मनाशी म्हणाले. 'म्हणजे मामला असा हाये तर.'

परीक्षकांच्या खोलीत चहा आला. प्रमुख परीक्षक पंजाबराव हे निवृत्त संगीतशिक्षक. त्यांनी कप उचलायच्या आधीच निकाल सांगून टाकला. "मारेगाव पहिलं. यात बोलायची गरज नाही. त्या बाईनं हॉल हलवून टाकला राजेहो."

"बाईनं नाही हलवला," खेमसिंग म्हणाले. "डब्बीनं हलवला."

"कोणती डब्बी?"

"ते पायानं वाजवलेलं नाही, गुरुजी. एका पायानं ते होतच नाही. मी कोणासमोरबी सांगतो. ड्रमले डब्बी लावली हाये अन् तिची वायर नवऱ्याच्या टेबलावर गेली हाये. नवरा साउंडवाला. समजून घ्या."

पंजाबरावांनी सभागृहाचा साउंडवाला पिंटू याला बोलावलं. पिंटू म्हणाला, हो, डबी आहे. ड्रमवर ठोका पडला की तिच्यातून आवाज निघतो.

"एका ठोक्याचे दोन आवाज काढता येते का?" खेमसिंगांनी विचारलं.

"येते ना काका. सेटिंग केली त चारबी निघते."

"ऐका," खेमसिंग म्हणाले आणि खुर्चीला टेकले.

मग नवराबायकोला बोलावलं गेलं. अश्वजित दारातच उभा राहिला. म्हणाला, इथला खालच्या ड्रमचा माईक सकाळपासून खरखरत होता, म्हणून मी घरची डबी लावली. आवाज मोठा व्हायला, बाकी काही नाही. पंजाबरावांनी नियमाचा कागद काढला. ताल विभागात माईक सोडून विजेवरचं काहीही चालणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. अश्वजितनं मान खाली घातली. तो नियम त्यानं वाचलाच नव्हता.

मैत्रेयीनं मात्र मान खाली घातली नाही. "डब्बी काढा," ती म्हणाली. "वायरा काढा. माईकबी काढा. मी आता बसतो अन् आता वाजवून दाखवतो. पाच मिनटाचं काम हाये."

पंजाबरावांनी खेमसिंगांकडं पाहिलं. पाच मिनिटं होती. ड्रम अजून स्टेजवरच मांडलेला होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"वेळ झाली," खेमसिंग म्हणाले. "नियम म्हणजे नियम. एकीले दोनदा संधी दिली त बाकीच्यांनी काय घोडं मारलं?"

मैत्रेयी त्यांच्याकडं पाहत राहिली. रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "तुम्ही वणीचे खेमसिंग मास्तर ना?"

"हो."

"वाटलंच मले," ती म्हणाली आणि निघून गेली.

मारेगावचं नाव कटलं. दिग्रसची पार्टी पहिली आली. खेमसिंग रात्री वणीला घरी पोचले आणि हातपाय धुता धुता बायकोला त्यांनी सगळी हकिगत सांगितली. चोर कसा पकडला ते जरा रंगवूनच सांगितलं. झमकाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटवत विचारलं, "ते बाई वाजवून दाखवतो म्हणत होती, मंग काहून नाही पाहिलं?"

"नियम होता."

"नियम गुरुजीचा होता. तुमचं काय जात होतं पाहाले?"

खेमसिंगांनी टॉवेल उचलून तोंड पुसलं. पण तो प्रश्न घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला.

त्याला कारणही तसंच होतं. चौऱ्याऐंशी साली खेमसिंग चोवीस वर्षांचे होते, खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. गणपती, पंधरा ऑगस्ट, साहेबांच्या निरोपाचे कार्यक्रम. थॉमस म्हणून केरळचे एक इंजिनिअर होते, त्यांच्याजवळ इंग्रजी बँडांच्या कॅसेटी होत्या आणि दोन-चार व्हिडिओ होते. खेमसिंगांना इंग्रजी कळत नव्हतं, पण हातपाय कळत होते. चार्ली वॉट्स नावाचा माणूस स्नेअरवर काठी मारताना दुसरा हात झांजेवरून अलगद उचलून घेतो, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि आठ दिवसांत उचललं. रिंगो स्टार मूळचा डावखुरा, पण उजव्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमवर बसतो, म्हणून त्याचे हात उलट्या वाटेनं फिरतात, हे थॉमससाहेबांनी सांगितलं तर त्यांनी मुद्दाम उलटे हात फिरवून ती चालही बसवली. कॉलनीतले लोक म्हणत, खेमसिंग एकदा पाहतो अन् खिशात घालतो.

एकच माणूस खिशात मावला नाही. जॉन बॉनम. लेड झेपेलिनचा. साहेबांनी त्यांच्या पहिल्या कॅसेटचं पहिलं गाणं लावलं आणि खेमसिंगांनी विचारलं, याला दोन पेडल आहेत का? साहेब हसले. म्हणाले, एकच. आणि तो माणूस चार वर्षांपूर्वी मेला, बत्तिसाव्या वर्षी. खेमसिंगांनी ते गाणं इतक्यांदा वाजवलं की टेप घासून आवाज भोवऱ्यासारखा गरगरायला लागला. तीन वर्षं ड्युटीवरून आले की ते रिक्रिएशन हॉलमध्ये जाऊन बसत. मांडीचा जोर लावून पाय आपटत. दोन ठोक्यांचा कधी एक व्हायचा, कधी दीड. उजवा गुडघा सुजला, डॉक्टरनं दम दिला. लोक हसायला लागले, तेव्हा एक दिवस खेमसिंगांनी जाहीर करून टाकलं की ते खोटं आहे. स्टुडिओची करामत आहे, दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक चढवलेलं आहे. माणसाच्या एका पायानं ते होणार नाही.

हे बोलल्यावर त्यांना फार बरं वाटलं. पुढं जो जो शिकायला आला त्याला त्यांनी हेच सांगितलं. जवळजवळ चाळीस वर्षं सांगितलं. आता ती बाई खरी निघाली, तर त्या चाळीस वर्षांचं काय करायचं?

तिसऱ्या दिवशी पिंटूनं व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पर्धेचे व्हिडिओ टाकले. खेमसिंगांनी चष्मा लावला, मोबाइलचा आवाज मोठा केला आणि मारेगावचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकायला सुरुवात केली. डबी कुठं पकडता येते ते त्यांना पाहायचं होतं. सहाव्यांदा ऐकताना काहीतरी खटकलं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी दुसरा ठोका किंचित उशिरा पडला होता. अगदी केसभर. आणि त्याच क्षणी पडद्यावर बाईच्या कपाळाला आठी पडली होती, पाय लचकल्यावर पडते तशी.

खेमसिंग मोबाइल मांडीवर ठेवून बसून राहिले. वर्कशॉपमध्ये सारा जन्म यंत्रं उघडण्यात गेलेला माणूस. यंत्र बिघडतं, बंद पडतं, पण दमत नाही. ज्या डबीत एकाचे दोन करायची सेटिंग आहे, ती दर वेळी तेवढ्याच अंतरानं दोन करणार. तिला उशीर व्हायचं काय कारण?

मग त्यांना वाटलं, हाही एक डाव असेल. मुद्दाम एक चूक भरून ठेवली असेल, कोणाला शंका येऊ नये म्हणून. मग वाटलं, इतका डोकेबाज अश्वजित कधी नव्हता. मग वाटलं, वीस वर्षांत माणूस सुधारतोही आणि बिघडतोही.

"मी मारेगावले जाऊन येतो," दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले.

"कायले?" झमकाबाईंनी विचारलं.

"काम हाये."

झमकाबाईंनी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

एसटीतून उतरल्यावर खेमसिंगांनी साउंडवाल्या नगराळ्यांचं घर विचारलं. बहाणा ठरवलेला होता. नातीचं बारसं आहे, साउंड सांगायला आलो. नात नव्हती, एक नातू होता आणि तो चौथीत होता, पण मारेगावात कोणाला काय माहीत.

गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की होती. दारात दळणाचे डबे रांगेनं लागले होते आणि चक्कीवाला बाहेर ओट्यावर पेपरानं वारा घेत बसला होता.

"चक्की बंद?" खेमसिंगांनी सहज विचारलं.

"लाइन गेली ना काका. दहा वाजतापासून साऱ्या गावची गेली हाये."

खेमसिंग पुढं निघाले. चार घरं ओलांडली असतील नसतील, तो पावलं आपोआप थांबली. डाव्या हाताला टिनाची शेड होती. आतून ड्रमचा आवाज येत होता. उघडा, कोरडा, कुठल्याही स्पीकरमधून न आलेला, नुसत्या कातड्याचा आणि लाकडाचा आवाज. हात, पाय-पाय. हात, पाय-पाय.

चक्की बंद होती. गल्लीत एक पंखा फिरत नव्हता.

शेडच्या टिनाला एका ठिकाणी जोड सुटून फट पडली होती. चौसष्ट वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले खेमसिंग मास्तर भर दुपारी लोकांच्या गल्लीत त्या फटीला डोळा लावून उभे राहिले. आत मैत्रेयी अनवाणी बसली होती. टाच हवेत होती. पहिला ठोका तिनं पेडलच्या मध्यावर मारला. पेडल उसळून परत येईपर्यंत तिचा पाय दोन बोटं पुढं घसरला आणि दुसरा ठोका अंगठ्याखालच्या गादीनं पडला. मांडी हललीसुद्धा नाही. सगळा खेळ घसरण्याचा होता. खेमसिंग तीन वर्षं जिथं बैलासारखा जोर लावत होते, तिथं जोर नकोच होता. पेडल स्वतःच परत येत होतं, त्याच्यावर नुसतं स्वार व्हायचं होतं.

किती वेळ गेला त्यांना कळलं नाही.

"दिसलं का नीट? का अजून मोठी फट पाहिजे?"

खेमसिंग दचकून वळले. मागं अश्वजित उभा होता. हातात केबलचं भेंडोळं होतं. आतला ड्रम थांबला.

"मी... नातीच्या बारशाले साउंड..."

"तुम्हाले नात हाये?"

खेमसिंगांनी शर्टावरची धूळ झटकली. तोवर मैत्रेयी दारात आली होती. तिनं त्यांना 'या' म्हटलं नाही, पण बाजूलाही झाली नाही. "आता काय तपासाले आलात मास्तर? पाय कापून पाहायचा हाये का?"

"चुकलो," खेमसिंग म्हणाले. शब्द इतका पटकन बाहेर पडला की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "मी आता पाहिलं. लाइन गेली हाये अन् तू वाजवून राह्यली. चूक झाली माझी."

"त्या दिवशी पाच मिनटं होती."

"होती."

"मंग काहून नाही पाहिलं?"

झमकाबाईंचाच प्रश्न, त्याच शब्दांत. या वेळी खेमसिंगांना सुटका नव्हती. "भेव वाटलं," ते म्हणाले. "तुझं खरं निघालं असतं त?"

मैत्रेयी आत वळली. मग तिनं आतून एक स्टूल आणून दारात ठेवलं. चहाचं विचारलं नाही. खेमसिंग बसले.

"तुमचं नाव लग्नापासून आयकून हावो मी," ती म्हणाली. "याच्याजवळ मोबाइलमंधी ते बॉनमचं गाणं होतं. मी म्हटलं, हे कसं वाजवते? हा म्हणाला, ते खोटं हाये, आमच्या वणीच्या मास्तरनं सांगतलं. मी म्हटलं, तुमच्या मास्तरनं डोळ्यानं पाहिलं का? हा म्हणे, मास्तरले सगळं समजते. तवा मले संशय आला."

"त्या गाण्यावर?"

"तुमच्यावर. म्हटलं, या माणसाले जमलं नसन."

अश्वजित खाली पाहून केबल गुंडाळत राहिला. खेमसिंगांचे कान लाल झाले.

"मंग मी शोधलं," मैत्रेयी सांगत होती. "मोबाइलवर काय नाही? तो माणूस मेला त्याले चाळीसच्या वर वर्षं झाली, पण त्याचा पाय अजून लोक शोधूनच राह्यले. कोणी म्हातारा हाये, कोणी शाळेतली पोरगी हाये, कोणत्या देशातले समजतबी नाही. सगळे पायाजवळ कॅमेरा ठेवतात अन् हळूहळू दाखवतात. टाच अशी धरा, इतकं घसरा. एकजण सांगत होता, त्या बॉनमनंबी ते दुसऱ्या कोणाचं आयकून घेतलं म्हणतात. तो दुसरा हात-पाय मिळून वाजवे, आयकताना याले वाटलं ते नुसत्या पायाचं हाये, अन् यानं पायानंच बसवलं. खरं-खोटं देव जाणे. मले चौदा महिने लागले. लोक म्हणतात शिलाईमशीन चालवते म्हणून पाय तयार झाला. माझ्या मशीनले मोटर बसवून सहा वर्षं झाली."

खेमसिंगांना हसू आलं, पण हसायची ही वेळ नव्हे हे त्यांना कळत होतं. "मले माफ कर," ते म्हणाले.

"इथं नको," मैत्रेयी म्हणाली. "इथं कोण हाये आयकाले? जिथं बोललात तिथं बोला."

तिचं बरोबर होतं. खेमसिंग दुसऱ्याच दिवशी यवतमाळला पंजाबरावांच्या घरी गेले. पायातल्या चपला काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं की मारेगावची बाई खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिलं, निकाल बदला.

पंजाबरावांनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग चष्मा पुसत पुसत विचारलं, "मास्तर, रविवारी तुम्हीच म्हणत होते ना, माणसाच्या पायानं होतच नाही?"

"म्हणत होतो. चुकलो."

"अन् आता होते?"

"होते. मी पाहिलं."

"कुठं पाहिलं?"

"तिच्या घरी."

"तुम्ही तिच्या घरी गेलते?" पंजाबरावांचा चष्मा पुसायचा थांबला. "परीक्षक स्पर्धकाच्या घरी? कोणाले न सांगता?"

"हो. पण..."

"तिचा नवरा तुमचा जुना चेला हाये म्हणे. हे तुम्ही त्या दिवशी सांगतलं नाही."

पंजाबरावांचा आवाज गोड होता, अगदी खेमसिंगांच्या थोरल्या जावयासारखा. "तसं नाही, मास्तर, मी काही म्हणत नाही. पण उद्या दिग्रसवाले विचारतीन. चार दिवसांत मास्तरचं मत कसं फिरलं? काही बोलणं झालं का? काही दिलं-घेतलं का? मी काय सांगू?"

"मी कोणाचा चहाबी नाही पेलो तिथं!"

"मी मानतो. लोक मानत नाही."

खेमसिंगांनी सांगून पाहिलं. केसभर उशिराचा ठोका सांगितला, बंद चक्की सांगितली, टिनाची फट सांगितली. जितकं जास्त सांगावं तितकं ते त्यांच्याच कानाला रचलेलं वाटायला लागलं. फटीतून पाहिलं म्हणाल्यावर तर पंजाबरावांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की खेमसिंगांनी पुढचं वाक्य गिळलं. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. आजवर ती त्यांनी दुसऱ्यांवर टाकली होती.

शेवटी पंजाबराव म्हणाले, बाईला इथं बोलावून समितीपुढं वाजवायला लावू. खेमसिंगांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून मैत्रेयीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या दिवशी मी दाखवतो म्हणत होती तवा वेळ नव्हता. आता मी आरोपीसारखी येणार नाही. ज्याले पाहायचं हाये त्यानं आमचा कार्यक्रम पाहाले यावं, तिकीट नाही लागत." आणि फोन ठेवला.

"पाहा," पंजाबराव म्हणाले. "खरी असती त आली असती."

"गुरुजी, मीबी असंच म्हणालो असतो," खेमसिंग म्हणाले. "अन् चुकलो असतो."

त्यांनी तिथंच बसून कागद मागितला आणि मोठ्या अक्षरात लिहून दिलं. की मारेगावच्या श्रीमती मैत्रेयी नगराळे यांच्यावर मी केलेला आरोप खोटा होता. की त्यांनी वाजवून दाखवायची तयारी दाखवली असता मीच नकार दिला. की यापुढं मी परीक्षक म्हणून बसणार नाही. खाली सही केली. पंजाबरावांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि म्हणाले, डबीचा नियम तर मोडलाच होता, निकाल काही बदलत नाही, पण हे मी समितीपुढं वाचीन. त्यांनी खरोखर वाचला. ग्रुपवरही कोणीतरी त्याचा फोटो टाकला. दिग्रसची पार्टी नागपूरला गेली. वणीत मात्र दोन-तीन दिवस लोक खेमसिंगांना रस्त्यात अडवून डोळा मारत विचारत राहिले, "काय मास्तर, मारेगाववाल्यांनी काय खाऊ घातलं?"

झमकाबाई तेवढ्या म्हणाल्या, "लोकाइले बोलू द्या. पोरीले निरोप दिला का?"

निरोप द्यायला खेमसिंग पुन्हा मारेगावला गेले. या वेळी शेडच्या दारातून हाक मारली. मैत्रेयी कोणाचा तरी ब्लाउज कापत होती. तिनं कागदाचा फोटो आधीच पाहिला होता.

"निकाल नाही बदलला," खेमसिंग म्हणाले.

"माहीत हाये."

"माझ्यावरच उलटलं. म्हणतात मी काही घेतलं."

मैत्रेयीनं कात्री खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "खरं सांगून कोणी मानत नाही त कसं वाटते मास्तर?"

"लई वाईट वाटते," खेमसिंग म्हणाले.

तिनं आत जाऊन चहा टाकला.

शेडमध्ये कोपऱ्यात अश्वजित एका स्पीकरचं पोट उघडून बसला होता. आल्यापासून त्यानं मान वर केली नव्हती. खेमसिंग त्याच्याजवळ गेले. वीस वर्षांपूर्वीचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा त्यांना आठवला. हात चांगला होता त्याचा. एक दिवस तो बॉनमचं तेच गाणं घेऊन आला होता आणि म्हणाला होता, मास्तर, मले हे शिकवा. त्यावर आपण काय बोललो होतो, तेही त्यांना शब्दन् शब्द आठवलं. त्याच महिन्यात तो यायचा बंद झाला होता.

"तू येणं काहून बंद केलं होतं?" त्यांनी विचारलं.

अश्वजितनं पेचकस फिरवणं थांबवलं नाही. "तुम्ही म्हटलं होतं, जे होत नाही त्याच्या मागं लागू नको. मी घरी करून पाहत होतो मास्तर. दहा-वीसमंधून एक बरोबर पडे. मंग तुम्ही सांगतलं ते खोटं हाये. मले वाटलं मी स्वतःलेच फसवून राह्यलो. मंग हातच लावला नाही."

"एक बरोबर पडे?"

"कधी कधी."

खेमसिंग त्या स्पीकरशेजारी खाली बसले. त्यांना स्वतःला तीन वर्षांत एकही बरोबर पडला नव्हता. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते आता त्यांनी अश्वजितला सांगितलं. थॉमससाहेब, घासलेली टेप, सुजलेला गुडघा, सगळं. अश्वजित ऐकत होता. कधीतरी त्याचा पेचकस थांबला होता.

"मी तुले चुकीचं सांगतलं, अश्वजित," खेमसिंग शेवटी म्हणाले. "मले जमत नव्हतं म्हणून सांगतलं. तू बस तिथं."

"आता?" अश्वजित हसला, पण ते हसणं नव्हतं. "छत्तीस वर्षांचा झालो मी. पोट पाहा माझं."

"पोटानं नाही वाजवायचं. बस."

मैत्रेयी कधीपासून चहाचे तीन कप घेऊन दारात ऐकत उभी होती. अश्वजितनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मास्तरांकडं, हात पॅंटला पुसले आणि ड्रममागं जाऊन बसला. काठ्या हातात कशा धराव्यात याचाच त्याला थोडा वेळ लागला. मग स्नेअरवर हात पडला आणि खाली पाय. दोनऐवजी एकच ठोका आला, तोही बद्द.

"मांडी सोड," खेमसिंग म्हणाले.

"मांडी नाही, टाच," मैत्रेयी म्हणाली. "टाच उचला आधी. मास्तर, तुम्ही नका सांगू, तुमचे तीन वर्षं त्या मांडीपायीच वाया गेलते."

खेमसिंगांनी तोंड मिटलं आणि चहाचा कप हातात घेतला. अश्वजितनं टाच उचलली, पुन्हा हात मारला. पुन्हा एकच. तिसऱ्यांदा दीड. खेमसिंग कप तोंडाशी धरून त्याच्या पायाकडं पाहत राहिले. चहा निवत गेला तरी त्यांनी घोट घेतला नाही.